होडी, विमान आणि कालबैशाखी

बंगालमध्ये फाल्गुनाच्या अखेरीपासून ज्येष्ठाच्या आरंभापर्यंत, म्हणजे साधारणतः मार्चच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत, दुपार टळल्यावर वायव्येकडून जी गडगडाटी वादळे चालून येतात त्यांना तेथील लोक ‘कालबैशाखी’ म्हणतात. या नावातला ‘काल’ हा अरिष्टाचा, प्रसंगी मृत्यूचा वाचक आहे आणि ‘बैशाख’ म्हणजे वैशाख. मात्र बंगाली पंचांग सौर असल्यामुळे तेथील वैशाख एप्रिलच्या मध्यावर सुरू होतो, तो महाराष्ट्रातील चांद्र वैशाखाच्या आधी, हे मराठी वाचकाने ध्यानात ठेवलेले बरे. इंग्रजांनी या वादळाला ते ज्या दिशेने येते त्या दिशेवरून ‘नॉरवेस्टर’ हे नाव दिले. आसामात मात्र त्याला ‘बोरदोइसिला’ या स्त्रीरूपात ओळखतात: बिहू सणाच्या सुमारास ही वाऱ्याची लेक घाईघाईने माहेरी निघते आणि सण आटोपून परतते, म्हणून जाता-येता झाडे-छपरे मोडून जातात, अशी तेथील लोकसमजूत आहे. माहेरवाशिणीची ओढ आणि वादळाची धाव एकत्र आणणारी ही कल्पना मराठी मनाला परकी वाटू नये. बंगालीने घातकतेवरून, इंग्रजांनी दिशेवरून आणि आसामीने चालीवरून एकाच वादळाला नाव दिले, आणि ज्याने त्याने आपल्याला त्यातले जे जाणवले तेच नावात ठेवले.

या वादळाविषयीच्या ज्ञानाचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर हीच गोष्ट शास्त्राच्या बाबतीतही खरी ठरते. ज्या काळात माणूस ज्या वाहनाने प्रवास करत होता, त्या वाहनाला वादळाचे जे अंग घातक होते, तेवढेच अंग त्या काळाने नीट न्याहाळले. होडीच्या काळाने वाऱ्याची दिशा आणि वेळ पाहिली, सागरी जहाजांच्या काळाने कालबैशाखीकडे जवळजवळ पाठच फिरवली, आणि ढगाच्या पोटात काय चालते हा प्रश्न विमान ढगात शिरू लागल्यावरच निकडीचा झाला.

रेल्वे येईपर्यंत गंगेच्या खोऱ्यातील दळणवळण मुख्यतः नदीवर चाले. कलकत्त्याहून पाटणा, बनारस येथे जाणारे ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी, व्यापारी आणि त्यांचा माल बजरे नावाच्या राहत्या नौकांतून आणि देशी होड्यांतून आठवडेच्या आठवडे प्रवास करत. चैत्र-वैशाखात बंगालवर दक्षिणेचा वारा स्थिर असतो, त्यामुळे उत्तरेकडे जाणारी होडी शीड उभारून प्रवाहाविरुद्धही चालू शके; परंतु ज्या दक्षिणवाऱ्यावर माझीचा, म्हणजे नावाड्याचा, प्रवास अवलंबून असे, तोच वारा समुद्राची वाफ आत आणून संध्याकाळच्या वादळाची शिदोरी बांधत असे. वादळाची चिन्हे नावाड्यांना पाठ होती. दुपारनंतर दक्षिणेचा वारा मंदावत जातो, उकाडा असह्य होतो, वायव्य क्षितिजावर शाईसारखा निळाकाळा पट्टा दिसू लागतो, आणि तो जवळ आला की त्याच्या पुढच्या कडेला जमिनीलगत कमानीसारखा वाकलेला, आतून घुसळणारा ढग दिसतो. ही कमान दिसल्यावर शीड उतरवून होडी काठाला बांधण्यासाठी फार तर पंधरा-वीस मिनिटे मिळत. मग एकाएकी वारा पूर्ण उलटा फिरून वायव्येकडून झडप घाली आणि उभारलेल्या शिडासकट होडी कलंडून जाई. हवामानशास्त्रात अशा वाऱ्याला ‘चंडवात’ म्हणतात. आजच्या व्याख्येनुसार वाऱ्याचा वेग अचानक ताशी किमान ३० किलोमीटरने वाढून सुमारे ४० किलोमीटरच्या वर गेला आणि तेथे निदान एक मिनिट टिकला, तर तो चंडवात ठरतो. केवळ झुळूक किंवा क्षणिक झोत यापासून त्याला वेगळे ठेवण्यासाठी मिनिटाची ही अट घातलेली आहे. कालबैशाखीतील वारा या किमान मर्यादेपाशी थांबत नाही, तो ताशी १०० किलोमीटरच्याही पुढे जातो. नावाड्यांच्या ज्ञानात कारणमीमांसा नव्हती, पण दिशा, वेळ आणि पूर्वचिन्हे या तीन बाबतींत ते इतके पक्के होते की नंतरच्या शास्त्रज्ञांना त्यात दुरुस्ती करावी लागली नाही.

एकोणिसाव्या शतकात कलकत्ता हे वादळांच्या अभ्यासाचे जगातील एक महत्त्वाचे केंद्र बनले, हे खरे. पण तो अभ्यास वेगळ्या वादळाचा होता. हेन्री पिडिंग्टन हे जुने दर्यावर्दी तेथील सागरी चौकशी न्यायालयाचे अध्यक्ष होते आणि बुडालेल्या व सुटलेल्या जहाजांच्या नोंदवह्या ताडून त्यांनी बंगालच्या उपसागरातील चक्राकार वादळांची चाल शोधून काढली. १८४८ साली खलाशांसाठी लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी या वादळांना ‘सायक्लोन’ हे नाव दिले, जे पुढे साऱ्या जगाने उचलले. मातला नदीवर नवे बंदर बांधण्याचा बेत सरकारने आखला, तेव्हा तेथे वादळाची लाट येऊन सारे वाहून नेईल असा लेखी इशारा त्यांनी १८५३ मध्ये गव्हर्नर जनरलला दिला होता. बंदर तरीही बांधले गेले आणि १८६७ च्या वादळात ते उद्ध्वस्त झाले. पिडिंग्टन तोवर हयात नव्हते. अशा संशोधकाने कालबैशाखीकडेही पाहिले असते तर काय घडले असते, हा प्रश्न मोहक असला तरी त्याचे उत्तर सोपे आहे: त्यांचे सारे साधन जहाजांच्या नोंदवह्या हे होते आणि कालबैशाखी मुख्यतः जमिनीवर जन्मते, जमिनीवरूनच चालते. खोल समुद्रातल्या जहाजाला तिची फारशी धास्ती नव्हती, म्हणून जहाजांच्या शास्त्रातही तिला जागा नव्हती.

५ ऑक्टोबर १८६४ च्या चक्रीवादळाने कलकत्ता बंदरातील जहाजांचा फडशा पाडला, त्यानंतर १८६५ मध्ये बंदरासाठी धोक्याच्या इशाऱ्यांची व्यवस्था सुरू झाली आणि १८७५ मध्ये हेन्री ब्लॅनफर्ड यांच्या हाताखाली भारतीय हवामान खाते स्थापन झाले. तारायंत्राने ठिकठिकाणची सकाळची निरीक्षणे एकत्र करून रोज एक नकाशा काढायचा, समान वायुभाराच्या रेषा आखायच्या आणि त्यांवरून उद्याचा अंदाज बांधायचा, ही खात्याची पद्धत होती. मोसमी पाऊस आणि चक्रीवादळ यांना ही पद्धत चपखल बसे, कारण ती दोन्ही शेकडो मैल पसरतात आणि कित्येक दिवस टिकतात. कालबैशाखी मात्र सकाळचा नकाशा काढून झाल्यावर जन्मे आणि दुसऱ्या दिवशीचा नकाशा काढण्यापूर्वी विरून जाई. तिचा विस्तारही दोन वेधशाळांमधल्या अंतरात मावण्याइतका असे. परिणामी दरवर्षी बंगालात छपरे उडत राहिली आणि नकाशे स्वच्छ राहिले. याला खात्याची हयगय म्हणणे अन्यायाचे होईल. जाळ्याची वीण मोठी असेल तर लहान मासा सुटणारच.

कधी कधी हा मासा लहान नसे. ८ एप्रिल १८३८ रोजी कलकत्त्याच्या पूर्वेकडील गावांतून एक आवर्त गेले आणि दोनशेहून अधिक माणसे मेली. त्याचा वृत्तांत एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापला गेला. ७ एप्रिल १८८८ रोजी ढाका शहरावर टॉरनेडो आला. टॉरनेडो म्हणजे गडगडाटी ढगाच्या तळापासून जमिनीपर्यंत उतरणारा, काही शे मीटर रुंदीचा, अतिवेगाने फिरणारा हवेचा स्तंभ. त्यात ११८ माणसे मरण पावली आणि नवाबांच्या अहसान मंझिल या वाड्याची मोठी हानी झाली. त्याच महिन्याच्या ३० तारखेला गंगेच्या खोऱ्याच्या दुसऱ्या टोकाशी, मुरादाबाद परिसरात, गारांनी २४६ माणसे मारली. गारपिटीच्या बळींचा हा आकडा जागतिक हवामान संघटनेने आजही विक्रम म्हणून नोंदवलेला आहे. एका एप्रिलमधील या दोन घटना आज एकाच कुळातील मानल्या जातात, कारण सरळ झोडपणारा चंडवात, फिरणारा टॉरनेडो आणि गारा ही तिन्ही एकाच प्रकारच्या ढगाची अपत्ये आहेत. त्या काळी मात्र त्यांची नोंद सुट्या-सुट्या उत्पातांसारखी झाली. योगायोग असा की त्याच सुमारास अमेरिकेतील आयोवा राज्यात गुस्टाव्हस हिनरिक्स यांनी सरळ झोडपणाऱ्या लांबलचक चंडवातांना टॉरनेडोपासून वेगळे काढून ‘देरेचो’ हे स्पॅनिश नाव दिले, आणि तेही पुढे जवळजवळ शंभर वर्षे विस्मृतीत गेले.

ढग इतका उंच का जातो, या प्रश्नाचे मूळ उत्तर मात्र नकाशांच्या आधीच मिळालेले होते. अमेरिकेतील जेम्स एस्पी यांनी १८४१ च्या आपल्या ग्रंथात असे मांडले की वर चढणाऱ्या हवेतील वाफेचे पाणी होताना जी उष्णता बाहेर पडते, तीच वादळाचे इंधन आहे. एक ग्रॅम वाफ द्रवरूप होताना सुमारे ६०० कॅलरी उष्णता मोकळी होते. तिला ‘सुप्त उष्णता’ म्हणतात, कारण पाण्याची वाफ होताना शोषली गेलेली ही उष्णता तापमापकाला दिसत नाही. कोरडी हवा वर चढताना दर किलोमीटरला सुमारे १० अंश सेल्सियसने थंड होते. पण ढग बनत असेल तर सुप्त उष्णतेच्या भरीमुळे ही घट सुमारे ५-६ अंशांवर येते, आणि त्यामुळे चढणारी हवा भोवतालच्या हवेपेक्षा उबदार, म्हणून हलकी राहते व चढतच जाते. असे असेल तर बंगालात एप्रिलमध्ये रोज सकाळीच वादळ का होत नाही? इंधन तर रोज उपलब्ध असते.

या ‘का होत नाही’चा उलगडा होण्यासाठी जमिनीवरच्या वाऱ्यासोबत वरच्या वाऱ्याचीही माहिती हवी होती, आणि ती फुग्यांनी मिळाली. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात आग्र्याला वरच्या हवेची वेधशाळा उभी राहिली. पुढे १९२८ मध्ये खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यास आले. पुण्यातील शिवाजीनगरच्या त्या इमारतीला जुने पुणेकर अजूनही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात, आणि कालबैशाखीच्या सिद्धांताचा एक महत्त्वाचा धागा याच इमारतीतून जातो. तेथील महासंचालक चार्ल्स नॉर्मंड यांनी १९३८ मध्ये ‘सुप्त अस्थैर्य’ ही कल्पना मांडली. हवेचा एखादा थर लहानशा धक्क्याने हलणार नाही इतका स्थिर दिसतो. पण तोच थर एका ठराविक उंचीपर्यंत बळाने उचलला, तर त्यापुढे तो स्वतःहून वर झेपावतो आणि उचलण्यास लागलेल्या शक्तीच्या अनेक पट शक्ती परत देतो. ही शक्ती किती असेल, हे फुग्याने आणलेल्या तापमान व आर्द्रतेच्या आलेखावर क्षेत्रफळ मोजून काढता येते. आज जगभरचे हवामानतज्ज्ञ रोज सकाळी जो हिशेब करतात, त्याची ही एक आद्य मांडणी आहे.

बंगालला ही कल्पना लावली की चित्र स्पष्ट होते. जमिनीपासून सुमारे एक-दीड किलोमीटर उंचीपर्यंत उपसागरावरून आलेली दमट हवा असते. तिच्या डोक्यावर वायव्य भारताच्या तापलेल्या, कोरड्या प्रदेशावरून आलेली पश्चिमेची हवा पसरते. ही वरची हवा खालच्या थराच्या माथ्यापेक्षा उष्ण असल्यामुळे उंचीबरोबर तापमान घटण्याऐवजी तेवढ्या भागात वाढते. याला ‘तापमानविपर्यास’ म्हणतात आणि तो पातेल्यावर झाकण ठेवावे तसा दमट हवेवर बसतो. हे झाकण घट्ट असते म्हणून सकाळभर काहीच घडत नाही, आणि काही घडत नाही म्हणूनच खाली ऊब व वाफ साठत जाते. झाकण नसते तर दहा वाजल्यापासून लहान-लहान सरी पडून सारी शक्ती किरकोळीत खर्च झाली असती. छोटा नागपूरच्या पठारावर, रांची-हजारीबागच्या ६००-७०० मीटर उंचीच्या परिसरात, ऊन जमिनीला तापवते, चढण हवेला वर ढकलते, आणि दुपारी दोन-तीनच्या सुमारास कुठेतरी झाकण फुटते. मग पंधरा किलोमीटर किंवा त्याहूनही उंच ढग तासा-दीड तासात उभा राहतो. याला क्युम्युलोनिंबस, म्हणजे राशीसारखा रचत गेलेला पर्जन्यमेघ, म्हणतात. त्याचा माथा वरच्या वाऱ्याने ऐरणीसारखा सपाट पसरतो. पठारावरून निघालेले हे वादळ ताशी पन्नास-साठ किलोमीटरने आग्नेयेकडे सरकत संध्याकाळी कलकत्त्याला पोचते, म्हणून वायव्य दिशा आणि संध्याकाळ ही वेळ या दोन्ही गोष्टी नावाड्यांच्या अनुभवात इतक्या ठाम होत्या.

१९२० आणि १९३० च्या दशकांत कालबैशाखीवर कलकत्ता, पुणे येथील भारतीय हवामानतज्ज्ञांनी बरेच लिहिले. व्ही. व्ही. सोहोनी यांनी कलकत्त्याच्या १९०० ते १९२६ या वर्षांतील गडगडाटी वादळांचा हिशेब मांडला. हेच सोहोनी स्वातंत्र्यानंतर खात्याचे महासंचालक झाले. या पिढीच्या लेखनावर नॉर्वेतील शास्त्रज्ञांच्या ‘आघाडी’ सिद्धांताची छाप दिसते. उबदार आणि थंड हवेचे दोन प्रचंड प्रवाह जेथे भिडतात त्या सीमारेषेला त्यांनी युद्धातला शब्द घेऊन आघाडी म्हटले होते, आणि युरोपातील चंडवात बहुधा थंड आघाडीबरोबर येत असल्यामुळे बंगालमध्येही अशी आघाडी शोधणे स्वाभाविक होते. वादळाबरोबर तापमान दहा-दहा अंशांनी कोसळते, तेव्हा ही थंड हवा कुठून तरी दूरवरून आलीच असली पाहिजे, असा तर्क होता. तर्क चुकीचा नव्हता, पत्ता चुकीचा होता.

दरम्यान वाहन बदलले होते. दमदमचा विमानतळ युरोप आणि अतिपूर्व यांच्यामधल्या हवाई मार्गावरचा थांबा बनला, आणि दुसऱ्या महायुद्धात बंगाल-आसाममधील धावपट्ट्यांवरून हिमालयाच्या पूर्व टोकापलीकडे चीनला सामान नेणारी शेकडो विमाने उडू लागली. होडी वादळाच्या समोर सापडे, तर विमान वादळाच्या आत सापडते. त्याला वाऱ्याच्या आडव्या झोताइतकीच उभ्या प्रवाहांचीही भीती असते. १९४४ मध्ये हवामान खात्याने ‘बंगालचे नॉरवेस्टर’ या विषयावर स्वतंत्र तांत्रिक पुस्तिका काढली. युद्ध संपताच अमेरिकेने एक मोठा प्रयोग केला: होरेस बायर्स आणि रॉस्को ब्रॅहॅम यांच्या नेतृत्वाखाली १९४६ मध्ये फ्लोरिडात आणि १९४७ मध्ये ओहायोत, युद्धातून मोकळी झालेली रात्रीची लढाऊ विमाने वेगवेगळ्या उंचीवरून एकाच वेळी गडगडाटी ढगांत मुद्दाम घुसवली गेली, आणि असे तेराशेहून अधिक वेळा झाले. वैमानिकांना ढग टाळायला शिकवण्यासाठी आधी त्यांना ढगातच पाठवावे लागले, यातला विरोधाभास त्या वैमानिकांच्याही लक्षात आला असणार.

त्या प्रयोगातून निघालेले चित्र आजही पाठ्यपुस्तकांत आहे. गडगडाटी ढग हा एकसंध डोंगर नसून काही किलोमीटर व्यासाच्या कोशिकांचा समूह असतो. प्रत्येक कोशिका आधी नुसती वाढते, मग तिच्यात चढता आणि उतरता असे दोन्ही प्रवाह शेजारी-शेजारी चालतात, आणि शेवटी उतरता प्रवाह चढत्याचा गळा दाबतो व कोशिका तासाभरात विरते. १९३० च्या दशकाला न सापडलेला थंड हवेचा पत्ता या उतरत्या प्रवाहात होता. पावसाचे थेंब आणि गारा ढगातून, विशेषतः त्याच्या बाजूच्या कोरड्या पश्चिमी हवेतून, खाली पडताना त्यांतील काहींची वाफ होते, त्या वाफेसाठी लागणारी उष्णता भोवतालच्या हवेतून घेतली जाते, हवा थंड व जड होऊन खाली कोसळते आणि जमिनीवर आदळून चौफेर पसरते. म्हणजे चंडवाताची थंड हवा हिमालयातून किंवा मध्य आशियातून येत नव्हती. ती डोक्यावरच्या ढगानेच तासाभरापूर्वी तयार केलेली होती.

ढगाच्या आत विमानाला असलेल्या या धोक्याची जाणीव बंगालला एका अपघाताने करून दिली. जेट इंजिनावर चालणारे जगातले पहिले प्रवासी विमान ‘कॉमेट’ २ मे १९५२ रोजी नियमित सेवेत आले होते. बरोबर एक वर्षाने, २ मे १९५३ रोजी दुपारी साडेचारच्या सुमारास, सिंगापूरहून लंडनला जाणारे एक कॉमेट दमदमहून दिल्लीकडे उडाले. दिल्ली कलकत्त्याच्या वायव्येस आहे, आणि त्या महिन्यात त्या वेळी त्या दिशेने काय येत असते हे शंभर वर्षांपूर्वीच्या कोणत्याही माझीने सांगितले असते. उड्डाणानंतर सुमारे सहा मिनिटांनी विमानाशी संपर्क तुटला. कलकत्त्यापासून पस्तीस-चाळीस किलोमीटरवर भाताच्या शेतांत आणि ओढ्यांच्या काठी त्याचे जळते तुकडे विखुरलेले सापडले. विमानातील ४३ जणांपैकी कोणीही वाचले नाही. भारत सरकारच्या चौकशीचा निष्कर्ष असा होता की गडगडाटी चंडवातात शिरल्यावर विमानाची रचना हवेतच मोडली, मग ते वाऱ्याच्या तीव्र धक्क्यांनी असो वा त्या धक्क्यांत वैमानिकाकडून सुकाणूवर अतिरेकी जोर पडल्याने वा ताबा सुटल्याने असो. पुढच्याच वर्षी आणखी दोन कॉमेट भूमध्य समुद्रावर हवेतच फुटली, तेव्हा पत्र्याला आलेल्या थकव्याचा दोष उघड झाला आणि जगाच्या स्मरणात तेच अपघात राहिले. बंगालमधल्या अपघाताचे सारे खापर वादळावर फोडणे त्यामुळे थोडे अवघड झाले. तरीही वादळ नसते तर ते विमान त्या दिवशी दिल्लीला उतरले असते, असे म्हणायला हरकत नसावी.

१९५४ मध्ये दमदमला वादळे टिपणारे रडार बसले, ते भारतातील अशा रडारांपैकी पहिले. रडार रेडिओ लहरी सोडते आणि पावसाच्या थेंबांवरून परतलेल्या लहरींवरून पाऊस कुठे व किती दूर आहे हे दाखवते. म्हणजे नकाशाच्या जाळ्यातून सुटणारा मासा आता पाण्यातच दिसू लागला. पडद्यावर दिसले ते विखुरलेले ढग नव्हते, तर शंभर-दोनशे किलोमीटर लांबीच्या, धनुष्यासारख्या बाक असलेल्या रांगा होत्या. त्यांना ‘चंडवात रेषा’ म्हणतात. यातून एक नवे कोडे पुढे आले: एकेक कोशिका तासाभरात मरत असेल, तर कोशिकांची रांग पाच-सहा तास जिवंत राहून रांचीपासून कलकत्त्यापर्यंत कशी येते?

उत्तर उतरत्या हवेच्याच वागण्यात आहे. जमिनीवर पसरणारी थंड हवा पाचरीसारखी पुढे घुसते आणि तिच्यासमोरच्या दमट, उबदार हवेला वर उचलते. ती उचललेली हवा झाकण फोडून नवी कोशिका बनते, नवी कोशिका पाऊस पाडते, त्या पावसाने थंड हवेत भर पडते. नावाड्यांना दिसणारी ढगाची कमान म्हणजे याच पाचरीच्या कडेवर उचलल्या गेलेल्या हवेचे दृश्य रूप होते. मात्र ही साखळी टिकण्यास एक अट आहे. थंड हवेचा लोट फार वेगाने पुढे पळाला, तर तो आपल्याच ढगाला मागे टाकतो आणि ढगाचा दमट हवेचा पुरवठा तोडतो. जमिनीलगतचा वारा आणि वरचा वारा यांच्या दिशा-वेगांत पुरेसा फरक असेल, तर चढती हवा मागे न कलंडता ताठ उभी राहते आणि लोट व ढग एकमेकांना सोडत नाहीत. उंचीप्रमाणे होणाऱ्या वाऱ्याच्या या बदलाला ‘वातकर्तन’ म्हणतात, आणि लोटाचा जोर व कर्तन यांचा समतोल हा चंडवात रेषेच्या दीर्घायुष्याचा पाया आहे, ही मांडणी रोटुनो, क्लेम्प आणि वाइसमन या तिघा अमेरिकी संशोधकांनी १९८८ मध्ये केली. तिच्यावर वाद अजून चालू आहेत, पण तिला बाजूला सारून पुढे जाणे कोणालाच जमलेले नाही. बंगालमध्ये खाली दक्षिणेचा आणि वर जोरदार पश्चिमेचा वारा अशी जी जोडी एप्रिलमध्ये असते, ती या समतोलाला जणू मुद्दाम जुळवलेली आहे. वरच्या पश्चिमी प्रवाहातील लाटा कालबैशाखीला कशा पोषक ठरतात, हे पी. कोटेश्वरम आणि व्ही. श्रीनिवासन यांनी १९५८ मध्येच दाखवले होते.

महाराष्ट्रातील वळवाच्या पावसाशी तुलना केली तर हा मुद्दा अधिक उमगतो. वळीवही उन्हाळ्यातल्या दुपारच्या उष्म्यातून आणि सुप्त उष्णतेवरच उभा राहतो, त्यातही वारा सुटतो, गारा पडतात, आंब्याचा मोहोर आणि कैऱ्या झडतात. परंतु एप्रिल-मेमध्ये दख्खनवरचा वरचा पश्चिमी वारा उत्तर भारताच्या मानाने दुबळा असतो, त्यामुळे वळवाचा ढग बहुधा जेथे उठतो त्याच्या आसपासच पडतो आणि तास-दोन तासांत संपतो. रांग धरून दोन-तीनशे किलोमीटर चालून जाण्याची त्याची रीत नाही. वळीव आणि कालबैशाखी यांचे इंधन एकच, घडण वेगळी. कालबैशाखी मारतेही आणि जगवतेही: आसामच्या चहाला, बंगालच्या तागाला आणि उन्हाळी भाताला मोसमी पावसाआधीचे हेच पाणी मिळते, आणि वादळ ओसरताच पडलेले आंबे वेचायला धावणारी मुले हे बंगाली बालपणाचे एक ठरलेले चित्र आहे.

विमानाच्या गरजेतून उभे राहिलेले शास्त्र पुढे विमानासाठी चांगलेच कामी आले. १९७५ मध्ये न्यूयॉर्कला उतरताना कोसळलेल्या एका विमानाच्या तपासातून टेड फुजिता यांनी गडगडाटी ढगाखालच्या अरुंद, जोरदार अधोवाताचा शोध लावला. त्यानंतर विमानतळांवर त्याचे इशारे देणाऱ्या यंत्रणा आल्या आणि अशा अपघातांचे प्रमाण झपाट्याने घटले. जमिनीवरच्या माणसाच्या वाट्याला मात्र त्या प्रमाणात काही आले नव्हते. २६ एप्रिल १९८९ रोजी बांगलादेशातील दौलतपूर-साटुरिया भागातून गेलेल्या टॉरनेडोने सुमारे १,३०० माणसे मारली. जगात नोंदल्या गेलेल्या टॉरनेडोंमध्ये याहून घातक दुसरा नाही. २४ मार्च १९९८ ला ओडिशा-पश्चिम बंगालच्या सीमेवरील गावांत असाच प्रकार घडून शंभराहून अधिक लोक गेले. २००५ नंतर भारतात ‘स्टॉर्म’ या नावाने पूर्व व ईशान्य भारतातील तीव्र गडगडाटी वादळांचे संघटित निरीक्षण सुरू झाले आणि पुढे शेजारी देशही त्यात सामील झाले; कलकत्त्याला वाऱ्याचा वेगही मोजणारे डॉप्लर रडार त्याआधीच आले होते; आणि पुढच्या दोन-तीन तासांपुरताच अंदाज देण्याची, ‘तात्काळ अंदाज’ म्हणता येईल अशी पद्धत रूढ झाली. पठारावर ढग उठल्यापासून तो गंगेच्या मुखाशी पोचेपर्यंतचे काही तास प्रथमच उपयोगात आणता येऊ लागले. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने विजा टिपणाऱ्या उपकरणांचे जाळे देशभर उभारले आणि ‘दामिनी’ हे मोबाईल ॲप काढले, ते आसपास वीज पडण्याचा संभव असल्यास सूचना देते.

या वादळांत आज वाऱ्यापेक्षा विजेचे बळी अधिक आहेत. भारतात दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे वीज पडून मरतात, आणि त्यांतील बहुतेक त्या घटकेला होडीत किंवा विमानात नसतात. ती शेतात, उघड्या माळावर किंवा एखाद्या झाडाखाली असतात.